टँकरची घरघर

बटण दाबलं की कॉम्प्युटर आधी बारीक शिट्टी द्यायचा, मग आतला पंखा खोकल्यासारखा अडखळायचा आणि घरघर सुरू व्हायची. ती सुरू झाली की आम्रपालीची बोटं कीबोर्डवर जायच्या आधी नजर मागे वळायची. भिंतीशी चटईवर पडलेली आई उठून बसलेली असायची. गुडघ्यावर हात टेकत भामाबाई उभी राहायची, डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि मोरीत जाऊन पितळी घागर काखेला मारायची.

"आमे, ऊठ की गं. टँकर आलाय."

"टँकर न्हाई, आई. माझा कॉम्प्युटर हाय त्यो."

"आगं, त्यो काय थांबतोय व्हय आपल्यासाठनं? ऊठ!"

मग आम्रपालीनं खुर्चीवरून उठायचं, आईच्या हातातली घागर काढून घ्यायची, तिला मोरीतला नळ सोडून दाखवायचा. धो धो पाणी बघून भामाबाई जरा गप व्हायची. चटईवर येऊन बसायची. पुन्हा घरघर कानात शिरली की पुन्हा उठायची. असा सगळा दिवस जायचा.

विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं हे घर. आम्रपालीचा नवरा कपिल एस. टी. त कंडक्टर, पण नेमणूक सातारा डेपोत. तो तिथंच दोघांत मिळून खोली करून राहायचा आणि रजेच्या दिवशी सांगलीला यायचा. आम्रपाली घरी बसून टायपिंगची कामं करायची. कॉलेजं जवळच होती, त्यामुळे प्रश्नपत्रिका, अहवाल, प्राध्यापकांचे प्रबंध असं काही ना काही हातात असायचं. त्यासाठीच हा जुना कॉम्प्युटर घेतला होता. एका कार्यालयात नवी मशिनं आली तेव्हा निघालेला. आडवा, जड, पत्र्याचा डबा, आणि टेबलावर त्याचा मॉनिटर. काम चोख करायचा, आवाजाचं मात्र विचारू नये. मुलं झाली नव्हती, कपिल साताऱ्यात, तेव्हा घरात आवाज करायला तेवढाच काय तो होता. म्हणून आम्रपालीला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या दसऱ्यानंतर ती आईला घेऊन आली. जत तालुक्यातल्या आपल्या गावी भामाबाई नवऱ्यामागं एकटीच राहायची. चूल पेटवून विसरून जाते, शेजारणीला स्वतःची मेलेली बहीण समजते, असे निरोप यायला लागले. शेवटचा निरोप आला तो कोरड्या विहिरीत पोहरा सोडून दिवसभर बसली होती असा. एकुलत्या एका मुलीनं मग दुसरं काय करायचं? कपिल म्हणाला, "घेऊन ये. आपली आईच हाय."

इथं आल्यावर भामाबाईला खायची शुद्ध राहिना. जेवून उठली की पुन्हा भाकरी मागायची. मुलीला कधी ओळखायची, कधी 'बाई, तुमी कुठल्या?' म्हणून विचारायची. पण संध्याकाळी हात जोडून बसली की त्रिसरण-पंचशील पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर न चुकता. आणि टँकर. टँकर ती विसरली नव्हती.

विसरणार तरी कशी? गावात टँकर यायचा तो चावडीपुढं थांबायचा. आधी गावातल्या बायका भरून घ्यायच्या, वस्तीतल्या बायकांनी बाजूला उभं राहायचं. पाळी येईस्तोवर पाईपमधून नुसती धार उरायची, कधी तीही नाही. म्हणून भामाबाईनं एक शिकून घेतलं होतं. टँकर लांबच्या चढाला लागला की तिला घरात कळायचं. सगळ्यांच्या आधी ती पळायची, जाऊन उभी राहायची, कुणी मागं हो म्हटलं तरी हलायची नाही. तिच्यामागं मग वस्तीतल्या बाकीच्या. अर्धं गाव कानडी बोलणारं. पळता पळता ती दोन्ही भाषांत ओरडायची, "पाणी आलं, नीर बंतू, नीर बंतू!" लहानपणी आम्रपालीची झोप कितीदा तरी त्या हाकेनं मोडली होती.

तीच हाक आता विश्रामबागेत, भर दुपारी, जिन्यावर ऐकू यायला लागली.

पहिल्यांदा निसटली तेव्हा आम्रपाली गॅसवरची आमटी उतरत होती. बाहेर येते तर दार उघडं आणि मोरीत घागर नाही. ती चप्पल न घालताच खाली धावली. कॉलेजच्या फाटकापुढं मुलींच्या घोळक्यात आई घागर घेऊन उभी होती आणि मुलींना दरडावत होती, "लाईन लावा गं, लाईन! ढकलू नगा!" मुली हसत होत्या. खालच्या मजल्यावरच्या क्षमाताई बाजारातून येताना तिथं पोचल्या होत्या. त्यांनी भामाबाईचा हात धरला होता आणि त्या शांतपणे म्हणत होत्या, "हो हो, लावतात हं लाईन. तुम्ही चला, तुमचा नंबर लागलाय."

आम्रपालीला बघून क्षमाताईंनी नुसती मान हलवली. वर येताना म्हणाल्या, "अगं, तुझी झोप होते का? डोळे बघ कसे झालेत."

"होते की," आम्रपाली म्हणाली.

होत नव्हती. दिवसा काम होत नाही म्हणून तिनं रात्री करून पाहिलं, तर घरघरीनं आई रात्रीही उठायला लागली. पहाटे करून पाहिलं, तेच. दाराला आतून कडी घातली, तर भामाबाई दारावर घागर आपटत रडायची, पाणी जाईल म्हणून. दुसरीकडं सुमंत सरांचा प्रबंध अर्ध्यात पडला होता. सर भले गृहस्थ. घाई करत नव्हते, पण येता-जाता खाली सायकल थांबवून विचारायचे, "कुठवर आलंय?" आम्रपालीला त्या सायकलच्या घंटीचीही धास्ती वाटायला लागली.

आवाजच कमी करायला हवा होता. तिनं आधी सुचेल ते केलं. मशीनभोवती गोधडी गुंडाळली. आवाज दबला, आई निवांत पडली, आणि आम्रपालीला वाटलं, सुटले बाई! तिसऱ्या प्रकरणाची पानंच्या पानं तिनं एका बैठकीत ओढली. मग पडद्यावरची अक्षरं जागच्या जागी थिजली. काही केल्या हलेनात. गोधडी काढून पाहते तर पत्रा तव्यासारखा तापलेला. मशीन बंद करून पुन्हा सुरू करावं लागलं. जेवढं साठवलं नव्हतं तेवढं गेलं. ती कपाळाला हात लावून बसली आणि मागून आई म्हणाली, "आमे, टँकर गेला काय गं?"

लालासाहेब म्हणून एक ओळखीचा मेकॅनिक होता, मारुती रोडच्या बाजूला त्याचं दुकान. तो घरी येऊन बघून गेला.

"वहिनी, गोधडीचं काही खरं नाही. आतला वारा अडला की मशीन जळणार. पंखा तर हवाच."

"पण एवढा आवाज?"

"जुना माल आहे. बघतो काय होतंय."

त्यानं झाकण काढलं. पंख्याच्या पात्यांवर काळ्या लोकरीसारखी धूळ चढलेली. ती ब्रशनं झाडली, पंख्याचं बूड उघडून शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडले, सैल झालेले स्क्रू आवळले. शिट्टी गेली, खोकला गेला. लालासाहेबनं कान लावला आणि खूश होऊन म्हणाला, "बघा, निम्म्यावर आला."

खरंच निम्म्यावर आला होता. आम्रपालीनं त्याला चहा दिला. तो जिना उतरला असेल नसेल, तेवढ्यात भामाबाई उठून मोरीकडं निघाली.

त्याच आठवड्यात ती पडली. आम्रपाली न्हाणीत होती. दाराची कडी आईनं कशी काढली कोण जाणे. घागर पायऱ्यांवरून घडघडत खाली गेली, त्या आवाजानं सगळ्या मजल्यांची दारं उघडली. भामाबाई मधल्या वळणावर बसली होती. मनगट सुजून वाकडं झालं होतं आणि ती दुखतंय म्हणत नव्हती. "घागर चेमटली काय बघ गं," एवढंच म्हणत होती. क्षमाताईंच्या यजमानांनी रिक्षा आणली. हात प्लास्टरमध्ये गेला. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आता पुन्हा पडायला नको.

कपिल रजा काढून आला. सासूच्या प्लास्टरवर हात फिरवत बसला. मग मशीनकडं बघून म्हणाला, "इकून टाकू काय हे?"

"आन् करायचं काय मग? बसून ऱ्हायाचं व्हय?"

"तसं न्हाई गं. तुझं त्वांड बघवंना म्हणून म्हणलो."

काम हातचं गेलं तर काम देणारी माणसं दुसरीकडं जातील आणि आपण या खोलीत आईच्या मागं मागं फिरत राहू, हे तिला स्पष्ट दिसत होतं. पण ते नवऱ्याला कसं सांगायचं? तो तरी साताऱ्याहून काय करणार होता? दुसऱ्या दिवशी तो गेला. जाताना त्यानं दाराला वरच्या बाजूला नवी कडी ठोकली. आईचा हात पोचणार नाही अशी.

मग एका दुपारी काय झालं, की सरांचं एक प्रकरण छापायला घ्यायच्या आधी मशीन काहीतरी तपासत बसलं. ते आपलं आपण चाललं होतं, तिला करण्यासारखं काही नव्हतं. आई चटईवर पडली होती, अजून उठली नव्हती. आम्रपालीला बसवेना. ती आईशेजारी फरशीवर आडवी झाली, उशीबिशी काही न घेता. गाल थंडगार फरशीला लागला आणि तिचे डोळे मिटले.

आणि तिला टँकर ऐकू आला.

ती दचकून उठून बसली. उठल्यावर नुसता पंख्याचा आवाज, नेहमीचा. पुन्हा कान फरशीला लावला. लांब चढावर गिअर टाकलेला टँकर. जाड, खोल, जमिनीतून येणारी घरघर. हवेतून येत होता तो आवाज वेगळा आणि फरशीतून येत होता तो वेगळा. लहानपणी आईशेजारी वाकळेवर पडून तिनं हाच ऐकला होता, आणि आई कानानं नाही, जमिनीनं ओळखायची, हे आता तिच्या ध्यानात आलं. कॉम्प्युटर टेबलावर मावत नव्हता म्हणून त्याचा डबा खाली फरशीवरच ठेवलेला होता. पत्रा थरथरत होता आणि त्याच्याबरोबर अख्खी खोली.

बाजूला भामाबाईनं डोळे उघडले. "आला काय गं?"

"व्हय आई," आम्रपाली थकून म्हणाली. "आला."

संध्याकाळी तिनं क्षमाताईंना आईजवळ बसवलं आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून लुनाची एक जुनी ट्यूब आणली. अर्धीमुर्धी हवा भरून घेतली, फार टणक नको म्हणाली. पंक्चरवाल्यानं विचारलं, "कशाला ओ ताई?" ती म्हणाली, "कॉम्प्युटरला." तो हसला, तीही हसली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

ट्यूब फरशीवर आडवी टाकली. तिच्यावर जेवणाचा पाट ठेवला आणि पाटावर मशीन. मागची बाजू भिंतीपासून हातभर सुटी, वारा खेळेल अशी. तिनं बटण दाबलं. पंखा सुरू झाला. नुसतं सूं… उन्हाळ्यात कुणीतरी सुपानं वारा घालावा तसं. तिनं फरशीला कान लावला. जमीन गप्प होती.

क्षमाताईंनी विचारलं, "सुरू झालं का मशीन?"

भामाबाई भिंतीला टेकून बसली होती. बोटानं प्लास्टरवरचे पोपडे काढत होती. उठली नाही.

त्यानंतरचे दिवस आम्रपालीनं नुसते टायपिंगनं भरून काढले. सुमंत सरांची प्रकरणं एकामागून एक उतरली. आई झोपायची, बसायची, खिडकीतून रस्ता बघायची. आम्रपालीला वाटलं, निभावलं एकदाचं.

मग एकदा ती मोरीत गेली तर बादल्या, पातेली, डबे, तांब्ये, जे काही पोकळ होतं ते सगळं पाण्यानं भरून झाकून ठेवलेलं. तिनं भांडी घासायला एक बादली ओढली तर आई धावून आली.

"हात लावू नगंस! एवढंच हाय."

"आई, नळाला पाणी हाय की."

"नळ कुणाचा? कवा बंद करतील त्यो." भामाबाईचा आवाज खाली आला. "आमे, टँकर यायचा बंद झालाय गं. लय दीस झालं, आला न्हाई."

आम्रपालीनं समजावून सांगितलं, नळ सोडून दाखवला. काही उपयोग झाला नाही. आईनं आंघोळ सोडली. मग चहा नको म्हणाली, त्यात पाणी जातं म्हणून. जेवताना तांब्याला हात लावेना. "तू पी. तू ल्हान हाईस," म्हणायची. ओठ फुटले, लघवीला जळजळ व्हायला लागली, ताप आला. डॉक्टर आम्रपालीवरच डाफरले, "पाणी देत जा त्यांना. म्हाताऱ्या माणसाला पाणी नको का?" तिनं औषधांची चिठ्ठी उचलली. कॉम्प्युटरचा आवाज कमी केला म्हणून आई तहानलेली राहते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

घरी आल्यावर ती थेट मशीनपाशी गेली. मग वाकली. मशीन बंदच होतं. दोन्ही हातांनी उचलून तिनं ते बाजूला घेतलं, पाट आणि ट्यूब काढली आणि डबा फरशीवर ठेवला. बटण दाबलं.

घरघर फरशीतून पसरली. भामाबाई तापात पडली होती. तिनं मान उचलली. कानोसा घेतला. तिचं तोंड उजळलं.

"नीर बंतू," आई पुटपुटली. "आमे, घागर घे!"

या वेळी आम्रपाली नाही म्हणाली नाही. चेमटलेली घागर तिनं स्वतःच्या काखेला मारली, आईच्या बगलेत हात घातला आणि दोघी मोरीत गेल्या. नळ सोडला. घागर भरली, मग कळशी, मग तांब्या. आईनं उजव्या हातानं ओंजळ केली, प्लास्टरचा हात खाली लावला आणि घटाघटा पाणी प्याली. पुन्हा प्याली. हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"आज लवकर आला," ती म्हणाली.

"व्हय. आता रोज येणार हाय."

"कोण म्हणलं?"

"डायवरच म्हणला की."

ते भामाबाईला पटलं. ती चटईवर जाऊन पडली. आम्रपालीनं मशीन बंद केलं, ट्यूब घातली, पाट ठेवला, वर डबा चढवला आणि पुन्हा सुरू केलं.

तेव्हापासून हा रोजचा नेम झाला. सकाळी डबा फरशीवर, टँकर आला, पाणी भरलं, आंघोळ झाली, चहा झाला. मग डबा पाटावर आणि दिवसभर काम. डबा जड, वाकून उचलताना आम्रपालीच्या कमरेत उसण भरायची. तिनं एकदा सोपं जावं म्हणून तांब्याभर पाणी घेऊन 'टँकरचं हाय' असं सांगून पाहिलं. आईनं कानोसा घेतला आणि तांब्या सारून दिला. खोटं चालत नव्हतं. गाडी आल्याशिवाय पाणी नाही.

कपिलला तिनं सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग हसायचा थांबला. त्यानं सांगली डेपोत बदली मिळावी म्हणून अर्ज केला होता. त्याचं काही कळत नव्हतं. "होईल तवा होईल," तो म्हणाला. "पण रजेच्या दिवशी टँकर माझ्याकडं. तू झोपायचं."

"तुमाला जमंल?"

"आगं, रोज शंभर मानसं चढवतो-उतरवतो मी. एक सासू न्हेता ईना व्हय पाण्याला?"

रविवारी सकाळी तिला अंथरुणातच अर्धवट ऐकू आलं. डबा फरशीवर टेकला, बटणाचा टक् झाला, घरघर सुरू झाली. आईची हाक आली. त्यावर कपिलचा आवाज, बसमध्ये असतो तसा खणखणीत, "चला मावशी, चला, पुढं सरका, जागा हाय!" घागरीचा आवाज, पाण्याचा आवाज. जमिनीतून गालापर्यंत थरथर येत होती. उठावं असं तिला वाटलं, पण अंग हलेना, आणि मग ती त्या सगळ्या गोंगाटात झोपून गेली.

जाग आली तेव्हा ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढलं होतं. मशीन बंद होतं. आई न्हाऊन, केस विंचरून बसली होती आणि कपिल तिला भाकरी कुस्करून देत होता. भामाबाईनं मुलीकडं निरखून बघितलं.

"ह्या बाई कोन?" तिनं जावयाला विचारलं.

"आपल्यातल्याच हायत्या," कपिल म्हणाला. "लांबनं चालत आल्यात, लय दमल्यात."

"मग ताट घाल की त्यास्नी," भामाबाई म्हणाली आणि सरकून तिनं चटईवर जागा केली.

आम्रपाली तोंड धुऊन आली आणि जेवायला बसली.